वाचकांचे प्रश्न : छातीची कातडी आणि तोंडाची जखम

मागील अंकात तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेविषयी माहिती दिली होती. त्यानंतर निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगाव शहरातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता. गाठ काढल्यावर उरलेली पोकळी छातीवरची कातडी आणि मांस (रक्तवाहिनीसह उचललेल्या अशा तुकड्याला ‘फ्लॅप’ म्हणतात) आणून का बुजवतात, ते टिकते का, आणि त्याचे पुढे काय होते, असे वाचकांनी विचारले आहे. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणता उपचार करावा हे सांगता येत नाही, त्यामुळे ही उत्तरे आपल्या शस्त्रक्रियातज्ज्ञांशी बोलताना उपयोगी पडावीत एवढाच हेतू आहे.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांची सारी नोकरी झाली. तंबाखू-चुना मळून खाण्याची सवय पूर्वीपासून होती. आता डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीला आणि गालाला कर्करोग झाला आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी जबड्याचा डावा भाग व गालाचा आतील भाग काढून तेथे छातीचा फ्लॅप लावू असे सांगितले आहे. पुण्याला राहणारा माझा चुलतभाऊ म्हणतो की ही जुनी पद्धत झाली, आता पायाचे हाड आणि कातडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वडिलांना मधुमेह आहे. आम्हाला कमी दर्जाचा उपचार सांगितला जात आहे काय?

उत्तर : आपल्या चुलतभावाने दिलेली माहिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आपल्या वडिलांना लागू पडेलच असे नाही. तो का, हे समजण्यासाठी गाठ काढल्यानंतर तोंडात नेमके काय होते ते आधी पाहावे लागेल.

गाल, हिरडी आणि जबड्याचा तुकडा काढला, आणि त्याच वेळी मानेतील लसीकाग्रंथीही काढल्या, की तोंड आणि मान यांच्यामधील भिंतच नाहीशी होते. तोंडातील लाळ जंतूंनी भरलेली असते. ती मानेत झिरपू लागली तर जखम सडते, आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी त्याच जखमेत उघडी पडलेली असल्याने रक्तस्रावाचा जीवघेणा धोका निर्माण होतो. म्हणून पोकळी बुजवण्याचे पहिले काम चेहरा बरा दिसावा हे नसून लाळ अडवणारी जिवंत, रक्तपुरवठा असलेली भिंत उभी करणे हे आहे. दिसणे, बोलणे आणि चावणे यांचा विचार त्याच्यानंतर येतो. त्याला महत्त्व नाही असे नाही, परंतु क्रम हाच आहे.

ही भिंत दोन प्रकारे उभी करता येते. पहिल्या प्रकारात छातीवरील पेक्टोरॅलिस मेजर हा पंख्याच्या आकाराचा स्नायू त्याच्यावरील कातडीच्या एका पट्ट्यासह उचलतात. या स्नायूला रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडाखालून निघते आणि स्नायूच्या आतल्या अंगाने खाली उतरते. खांद्याचे टोक आणि छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक यांना जोडणारी रेघ छातीवर आखली, तर रक्तवाहिनीचा मार्ग साधारण त्या रेघेच्या आसपास सापडतो. ती रक्तवाहिनी न तोडता स्नायू मोकळा करून, गळपट्टीच्या हाडावरून मानेच्या कातडीखालच्या बोगद्यातून तोंडापर्यंत नेतात. अमेरिकेतील येल विद्यापीठातील स्टीफन अरियान यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि काही वर्षांतच डोके-मानेच्या शस्त्रक्रियेत ती जगभर रूढ झाली. रुग्णालयाच्या कागदांवर ‘पीएमएमसी’ अशी अक्षरे दिसतात ती हीच.

दुसऱ्या प्रकाराला फ्री फ्लॅप म्हणतात. त्यात मनगटाकडील, मांडीची किंवा पोटरीची कातडी, आणि गरज असल्यास पोटरीतील बारीक हाड, रक्तवाहिनीसह पूर्णपणे तोडून घेतात आणि ती रक्तवाहिनी मानेतील रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात. अनुभवी हातांत शंभरापैकी पंच्याण्णवाहून अधिक फ्री फ्लॅप टिकतात, ही या तंत्राची मोठी मजल आहे. मात्र शस्त्रक्रियेला बरेच अधिक तास लागतात, पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपचा रंग व रक्तप्रवाह रात्रंदिवस पाहत राहावे लागते, आणि जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. रात्री दोन वाजता तसे करू शकणारा चमू रुग्णालयात नसेल, तर केवळ सूक्ष्मदर्शक असून भागत नाही.

आता निवडीचा प्रश्न. हनुवटीचे, म्हणजे जबड्याच्या मधल्या कमानीचे हाड काढावे लागणार असेल तर तेथे हाडच बसवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते न बसवल्यास खालचा ओठ आत ओढला जातो, लाळ सतत गळत राहते आणि जेवणे अवघड होते. अशा रुग्णाला केवळ छातीचा फ्लॅप सुचवला गेला, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. जिभेचा मोठा भाग काढला जाणार असेल आणि उरलेली जीभ मोकळी हलणे महत्त्वाचे असेल, तर मनगटाकडची पातळ, लवचीक कातडी छातीच्या जाड मांसापेक्षा सरस ठरते. परंतु आपल्या वडिलांप्रमाणे जबड्याच्या मागच्या, बाजूच्या भागाचे हाड जात असेल, तर ते न बसवताही रुग्णाचे चालते. उरलेला जबडा थोडा एका बाजूला सरकतो, दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, परंतु मऊ भात, मोकळी खिचडी, ताकात भिजवलेली भाकरी असे अन्न खाता येते. या जागेसाठी छातीचा फ्लॅप ही चांगल्या केंद्रांमध्येही मान्य असलेली निवड आहे. गालाचा आतील भाग आणि बाहेरची कातडी असे दोन्ही काढावे लागले, तर एकाच स्नायूवर कातडीचे दोन पट्टे घेऊन एक आत व एक बाहेर बसवता येतो.

मधुमेहाचा मुद्दा आपण लिहिलात ते बरे केलेत. मधुमेह, तंबाखूचे व्यसन, रक्तक्षय आणि कुपोषण यांच्यामुळे कोणत्याही फ्लॅपची जखम भरण्यास उशीर होतो. छातीच्या फ्लॅपमध्ये रक्तवाहिनी तोडून जोडावी लागत नाही आणि भूल देण्याचा काळही कमी लागतो, म्हणून हृदयविकार किंवा दीर्घ मधुमेह असलेल्या रुग्णात शस्त्रक्रियातज्ज्ञ त्याकडे वळतात. तथापि छातीचा फ्लॅपही काही वेळा कडेने काळा पडतो. पूर्ण फ्लॅप मरण्याचे प्रमाण फार कमी असले, तरी कातडीचा थोडा भाग जाणे आणि टाके सुटणे या गोष्टी घडतात, हे आधीच माहीत असलेले बरे.

एक गोष्ट कुटुंबीय सहसा विचारत नाहीत, ती मी आपल्याला विचारण्यास सांगेन. हिरडी-गालाच्या वाढलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर बहुधा रेडिएशन द्यावे लागते आणि ते शस्त्रक्रियेपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू होणे इष्ट असते. जखम भरली नाही तर ते लांबते, आणि लांबलेल्या प्रत्येक आठवड्याचा लाभ रोगाला मिळतो. त्यामुळे “सर्वांत आधुनिक पद्धत कोणती?” असे विचारण्याऐवजी “वडिलांची जखम वेळेत भरून रेडिएशन सुरू होण्याची शक्यता कोणत्या पद्धतीत अधिक आहे, आणि ती पद्धत आपण येथे किती नियमितपणे करता?” असे विचारावे. ज्या रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाला एकच फ्लॅप सांगितला जातो, मग तो छातीचा असो वा पायाचा, तेथे मला थोडी शंका येते. आपल्या डॉक्टरांनी कारणे दिली असतील आणि ती वरील विचाराशी जुळत असतील, तर उपचार कमी दर्जाचा आहे असे समजू नये. पुण्याला जाण्यात महिना जाणार असेल, तर तो महिनाही हिशेबात धरावा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील ४६ वर्षांची गृहिणी आहे. लहानपणापासून मिश्री लावत होते. गालाच्या आतील गाठीसाठी माझी शस्त्रक्रिया ठरली असून छातीवरचे मांस काढणार असे सांगितले आहे. स्तनाचे काय होईल हे विचारण्याचे मला धाडस झाले नाही. कृपया सांगावे.

उत्तर : ताई, हा प्रश्न विचारण्यात लाज वाटावी असे काहीही नाही, आणि खरे तर तो आपण विचारण्याआधी डॉक्टरांनीच समजावून सांगायला हवा होता. स्तन काढला जात नाही. स्त्रियांमध्ये शक्य असेल तेव्हा स्तनाच्या खालच्या घडीत छेद घेतात आणि कातडीचा पट्टाही तेथूनच उचलतात, त्यामुळे व्रण बराचसा घडीत लपतो आणि स्तनाग्र आपल्या जागी राहते. असे असले तरी खालचा स्नायू वर गेल्यामुळे त्या बाजूचा स्तन काहीसा सपाट दिसतो, थोडा वर किंवा मधोमध ओढला जातो आणि दोन्ही बाजूंत फरक राहतो. हा फरक ब्लाउजमध्ये सहसा जाणवत नाही, परंतु तो अजिबात नसेल असे आश्वासन कोणी देऊ नये आणि आपणही त्यावर विसंबू नये.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक तांत्रिक अडचण असते. स्नायू आणि कातडी यांच्यामध्ये स्तनाची चरबी जाड असेल, तर स्नायूतून कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचा भरवसा कमी होतो, आणि एवढे जाड मांस गालाच्या आत मावतही नाही. म्हणून अशा वेळी कातडी न घेता केवळ स्नायू वर नेऊन तोंडात उघडा ठेवतात आणि त्यावर काही आठवड्यांत तोंडाचे आतले अस्तर हळूहळू चढते. गाठ लहान असेल तर नाकाशेजारच्या गालाची कातडी, गळपट्टीच्या वरच्या भागाची कातडी किंवा मनगटाकडचा फ्री फ्लॅप हेही पर्याय असतात. आपल्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना “माझ्यासाठी यांपैकी काही चालेल का?” एवढे एक वाक्य विचारावे. स्वतः विचारणे जड वाटत असेल तर विभागातील परिचारिकेमार्फत किंवा सोबत येणाऱ्या बहिणीमार्फत विचारावे. संमतीपत्रक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि ते वाचता येत नसेल, तर मराठीतून समजावून सांगितल्याशिवाय सही करू नये. आपल्या भागातील बहुतेक रुग्णालयांत मराठी बोलणारे कोणी ना कोणी असतेच, आणि तशी मागणी करणे हा आपला हक्क आहे.

शस्त्रक्रियेनंतरची एक काळजी खास आपल्याकडच्या रिवाजामुळे सांगावीशी वाटते. फ्लॅपची रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडावरून, कातडीच्या लगेच खालून जाते. तेथे दाब पडला की फ्लॅपचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून पहिले काही आठवडे त्या बाजूला मंगळसूत्र, सौंदत्तीहून आणलेला दोरा, ताईत, घट्ट गळ्याचे झंपर किंवा अंतर्वस्त्राचा ताणलेला पट्टा यांतले काहीही असू नये. श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली असेल, तर तिची फीतही सैल हवी. वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तर देवाचा दोरा उशाशी ठेवता येतो, मनगटात बांधता येतो. झोपतानाही त्या कुशीवर झोपू नये.

पुढे स्तनाची तपासणी करण्याची वेळ आली तर ती नेहमीप्रमाणे करता येते. फक्त ही शस्त्रक्रिया झाली असल्याचे तपासणाऱ्यांना आधी सांगावे. आणि मिश्री शस्त्रक्रियेच्या आधीच, आजपासून, बंद करावी.

प्रश्न : माझी शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले, रेडिएशनही नुकतेच संपले. गळपट्टीच्या हाडावर उंचवटा दिसतो, हात खांद्याच्या वर जात नाही, आणि तोंडात बसवलेल्या कातडीवर केस होते ते आता कमी झाले आहेत. घरचे म्हणतात, उंचवटा म्हणजे गाठ परत आली. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : हाडावरचा मऊ, सरळ पट्टीसारखा उंचवटा हा बहुधा छातीवरून वर गेलेल्या स्नायूचा देठ असतो. त्या स्नायूला काम उरत नाही आणि त्याची नसही बहुतेक वेळा तोडलेली असते, म्हणून तो काही महिन्यांत आक्रसत जातो. पुढल्या तीन-चार महिन्यांत उंचवटा कमी होताना दिसेल. याउलट नवी, टणक, वाढत जाणारी गाठ, न भरणारा व्रण, रक्त येणे, कानाकडे जाणारी कळ किंवा दिवसेंदिवस तोंड कमी उघडणे यांपैकी काही आढळले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी आवश्यकच असते, आणि बरे वाटते म्हणून ती टाळू नये. घरच्यांची शंका फिटण्याची योग्य जागाही तीच आहे. माझ्या उत्तरावर त्यांनी निर्धास्त होऊ नये.

हाताविषयी बहुतेक जण छातीचा स्नायू काढल्याला दोष देतात. प्रत्यक्षात छातीचा स्नायू गेल्याने हात शरीराजवळ जोराने ओढण्याची ताकद काहीशी घटते, आणि शेतकरी किंवा हमाली करणाऱ्या माणसाला ती जाणवते. परंतु हात खांद्याच्या वर उचलणे जमत नसेल, तर त्याचे कारण बहुधा मानेतील ग्रंथी काढताना दुखावलेली नस हे असते. ही नस मानेतून खांद्याच्या मागच्या स्नायूकडे जाते. ती जपली गेली असली तरी काही महिने सुस्त राहू शकते. व्यायाम मात्र नस परत येण्याची वाट पाहत थांबवू नयेत, कारण दरम्यान सांधा आखडतो आणि मग नस सुधारूनही हात वर जात नाही. भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवणे, दोन्ही हातांत काठी धरून ती वर नेणे असे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत आणि रोज करावेत. तोंड उघडण्याच्या व्यायामाचेही तसेच आहे. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची, ही पद्धत स्वस्त आणि उपयोगी आहे. रेडिएशननंतरच्या पहिल्या वर्षात यात केलेला आळस पुढे भरून काढता येत नाही.

केसांबाबत पुरुषांना जे वाटते ते खरे आहे. छातीची कातडी तोंडात गेली तरी कातडीच राहते आणि तिच्यावर केस येतात. रेडिएशनमुळे ते बहुधा गळून जातात, आपल्याला तोच अनुभव येत आहे. ज्यांना रेडिएशन द्यावे लागत नाही त्यांचे केस दंतवैद्य किंवा शस्त्रक्रियातज्ज्ञ अधूनमधून कापून देतात.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो. त्या कातडीला स्पर्श, उष्णता, वेदना यांची जाणीव जवळजवळ नसते. चहा ओठाला सोसला म्हणजे आतही सोसेल असे नाही. दुसऱ्या बाजूच्या गालाने चहा आणि रस्सा पारखून मगच घ्यावा. अन्नाचे कण त्या बाजूला अडकून राहतात आणि कळतही नाहीत, म्हणून प्रत्येक जेवणानंतर आरशात पाहून चूळ भरावी.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या गालासाठी मी माझी कातडी द्यायला तयार आहे. रक्तगट एकच आहे. डॉक्टर नाही म्हणतात. (उचगाव)

उत्तर : डॉक्टर योग्य तेच सांगत आहेत. रक्तगट जुळला तरी दुसऱ्याची कातडी शरीर परकी म्हणून ओळखते आणि काही आठवड्यांत टाकून देते. ती टिकवायची तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतील, आणि कर्करोग नुकताच काढलेल्या माणसात ती घातक ठरू शकतात. भाऊ जुळे आणि हुबेहूब सारखे असतील तरच हा नियम बदलतो. आपल्याला द्यायचेच असेल तर रक्त द्यावे, आणि रेडिएशनच्या काळात आठवड्यातून पाच दिवस त्याला रुग्णालयात नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी. त्या सहा-सात आठवड्यांत कंटाळून अर्ध्यावर उपचार सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या काळात, आमच्या एका नातलगाला मुंबईहून शस्त्रक्रिया करून आणले होते. छातीपासून जबड्यापर्यंत कातडीची नळी जोडलेली होती आणि ती नंतर पुन्हा जाऊन कापून घ्यावी लागली. मुले घाबरून त्यांच्या खोलीत जात नसत. तो प्रकार काय होता, आणि आता तो बंद झाला आहे काय? (चिकोडी)

उत्तर : आपण वर्णन केलेला प्रकार डेल्टोपेक्टोरल फ्लॅपचा असावा. अमेरिकेतील बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत काम करणारे व्हाहराम बाकाम्जियान यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढील सुमारे दीड दशक डोके-मानेच्या पुनर्रचनेत त्याचाच आधार होता. यात स्नायू घेत नाहीत. छातीच्या मधल्या हाडाशेजारी, वरच्या फासळ्यांच्या मधून, बारीक रक्तवाहिन्या कातडीकडे येतात. त्यांच्यावर पोसलेली कातडी आडव्या पट्ट्याने खांद्यापर्यंत उचलायची, तिचे खांद्याकडील टोक तोंडाच्या किंवा घशाच्या जखमेत शिवायचे, आणि मधला भाग नळीसारखा वळून तसाच बाहेर ठेवायचा. साधारण तीन आठवड्यांत टोकाकडे आजूबाजूच्या मांसातून नवा रक्तपुरवठा तयार होतो. मग देठ कापून उरलेली कातडी छातीवर परत बसवतात. शेतकऱ्यांच्या घरात दाबकलम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत लगेच समजेल : फांदीला मूळ फुटेपर्यंत तिला आईच्या झाडापासून तोडायचे नाही.

या तीन आठवड्यांत मान वळवता येत नसे, नाकातील नळीने अन्न घ्यावे लागे, खांद्यावरची उघडी जागा मांडीची पातळ साल आणून झाकावी लागे, आणि नातेवाइकांनी पाहिलेले दृश्य खरोखरच भयावह असे. एकाच शस्त्रक्रियेत काम पुरे करणारा स्नायूसहितचा फ्लॅप आल्यावर सर्जन मोठ्या संख्येने तिकडे का वळले, हे यावरून ध्यानात येईल. तरीही जुनी पद्धत बंद झालेली नाही. मानेची बाहेरची कातडी गेली असेल, तर तिला रंगाने आणि जाडीने जुळणारी कातडी येथेच मिळते, आणि मानेपर्यंत ती एकाच टप्प्यात पोहोचतेही. म्हणून अनेक सर्जन छातीचा स्नायू उचलतानाही छेद अशा बेताने घेतात की वरची ही कातडी शाबूत राहावी. पुढे रोग उलटला किंवा पहिला फ्लॅप गेला, तर हाताशी एक साधन उरते. या दूरदृष्टीची पावती रुग्णाला कधी मिळत नाही, कारण त्याला ती माहीतच नसते.

आपण शिक्षक आहात म्हणून थोडे विषयाच्या कडेचे सांगतो. कातडीचा एक देठ शाबूत ठेवून ती फिरवण्याची ही कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. टिपू सुलतानाशी १७९२ मध्ये संपलेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला कैद करून त्याचे नाक कापण्यात आले होते. पुढे पुण्याच्या परिसरातील एका देशी कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याचे नाक बनवले. लंडनच्या एका मासिकात १७९४ मध्ये त्याचा सचित्र वृत्तान्त छापून आला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या रीतीकडे वेधले गेले.

प्रश्न : आईच्या स्वरयंत्राला आधी रेडिएशन दिले होते. रोग परतल्याने स्वरयंत्र काढले. आता मानेतून लाळ गळते. डॉक्टर छातीचे मांस आणून भोक बंद करू म्हणतात. पुन्हा शस्त्रक्रिया कशासाठी? (संकेश्वर)

उत्तर : रेडिएशन झालेल्या मानेतील मांसाचा रक्तपुरवठा कमजोर झालेला असतो, त्यामुळे तेथे घशाचे टाके सुटून लाळ बाहेर येण्याचा धोका वाढतो. लहान गळती पट्ट्या आणि नळीचे अन्न यांवर काही आठवड्यांत भरते. परंतु भोक मोठे असेल किंवा आतली मोठी रक्तवाहिनी उघडी पडण्याची भीती असेल, तर रेडिएशन न लागलेले, ताज्या रक्ताचे मांस बाहेरून आणणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो, आणि छातीचा स्नायू त्यासाठी सर्वांत जवळ असतो. फ्री फ्लॅपचा आग्रह धरणारे सर्जनही अशा अडचणीत छातीकडेच वळतात. गळतीतून थोडेसेही ताजे लाल रक्त दिसले, तर ती तातडीची बाब समजून त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : आम्ही सीमाभागातले. शिधापत्रिका कर्नाटकाची, नातेवाईक मिरज-कोल्हापूरला. शस्त्रक्रियेसाठी योजना कोणती लागू होईल? (अनेक वाचक)

उत्तर : कर्नाटकात आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, आणि खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी बहुधा सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचा निर्णय घेतला. आपले गाव त्या यादीत आहे का, आणि आपण निवडलेले रुग्णालय त्या योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. दोन्ही राज्यांच्या वादात पडून तारीख पुढे ढकलू नये.

चौकशी करताना केवळ “शस्त्रक्रिया बसते का?” असे विचारणे पुरेसे नाही. गाठ काढणे, फ्लॅपने पुनर्रचना करणे आणि नंतरचे रेडिएशन यांना योजनेत स्वतंत्र मंजुरी लागू शकते. तिन्ही एकाच ठिकाणी होणार की रेडिएशनसाठी दुसरीकडे जावे लागणार, हे आधीच ठरवावे. दुसरीकडे जावे लागणार असेल, तर तपासणीच्या अहवालाची प्रत हाती येताच, जखमेचे टाके निघण्याची वाट न पाहता, तेथे नाव नोंदवावे.